झिजलेलं बटण

दसऱ्याच्या सकाळी आईने माझा कीबोर्ड आणि माऊस पाटावर मांडले. विळी, कात्री, पक्कड यांची पूजा होते, मग मुलगा ज्याच्यावर पोट भरतो त्याची का नको, असं तिचं म्हणणं. माऊसला हळदीकुंकू लागलं, त्याच्यावर झेंडूचं फूल बसलं. मग चिमटीत कुंकू घेऊन तिचा हात कीबोर्डकडे वळला.

"अगं, आत जाईल ते! बिघडला म्हणजे?" मी खेकसलो.

हात तसाच हवेत थांबला.

याच कीबोर्डवर मी रोज खारे दाणे खातो. त्याच्यावर चहाही सांडून झालाय. तेव्हा काही झालं नाही, आणि आईच्या चिमूटभर कुंकवाने तो बिघडणार होता! याच बटणांवर दिवसभर मी परक्यांना 'कृपया' आणि 'आभारी आहे' लिहितो. एखादा शब्द कडक वाटला की लगेच खोडतो, मऊ करतो, मगच पाठवतो. आईच्या वाट्याला मात्र नेहमी कच्चा मजकूरच.

ती वाकून बघत होती. "हे एवढं कशाने झिजलं रे?"

"चुकलेलं खोडायचं बटण आहे ते."

"म्हणजे सगळ्यात जास्त राबतं ते हेच." मग माझ्याकडे बघत तिने हळूच विचारलं, "इथे लावलं तर चालेल का? अगदी थोडंसं?"

मी होकारार्थी मान हलवली. नमस्काराला म्हणून खाली वाकलो, तो किती तरी वेळ वर बघायचं धाडसच झालं नाही.