माघारी घेतलेले मत

रत्नमालाताई गाडेकरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती आलेखावरच्या एका रेषेतून. ‘विचारपूस’ या मराठी संकेतस्थळावर लोक प्रश्न विचारतात, इतर लोक उत्तरे देतात आणि वाचणारे प्रत्येक उत्तरापुढचा वरचा किंवा खालचा बाण दाबून आपले मत नोंदवतात. अशा मतदानाच्या नोंदी जतन करणे हे माझे काम आहे. गेल्या माघ महिन्यात तिथल्या ‘गोठा आणि कळप’ विभागात नियंत्रकाची निवडणूक लागली. जागा एक, उमेदवार दोघे: बिडकीनच्या रत्नमालाताई, आणि शहरात गारखेड्याला राहून करमाडजवळ शेळ्यांचा फार्म चालवणारे ऋतुराज. मतदाराने प्रत्येक उमेदवाराला वरचा बाण द्यावा, खालचा द्यावा किंवा काहीच देऊ नये. वरच्यांतून खालचे वजा करून उरतील ते गुण, असा नियम होता.

मी रोज संध्याकाळी त्या पानाची प्रत काढून ठेवत होते, आणि रोज दोघांचे गुण जवळजवळ सारखेच वाढलेले दिसत. दोन्ही रेषा एका जुवाला जुंपल्यासारख्या चालल्या होत्या. प्रतिस्पर्ध्यांची मते अशी वाढत नाहीत. इतकी एकसारखी वाढ बहुधा बनावट खात्यांचे लक्षण असते, म्हणून तसा संशय मी टिपून ठेवला. मतदान संपायचे होते रविवारी दुपारी चार वाजता. त्या दिवशी सकाळच्या बसने मी बिडकीन गाठले.

ताईंचे वय चौतीसच्या आसपास. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने घातली असे त्या सांगतात, त्यामुळे याहून नेमके काही लिहिता येत नाही. आईवडिलांच्या मेंढरांमागे फिरत, जिथे कळप थांबेल तिथल्या शाळेत बसत, त्यांनी दहावी गाठली. आता त्या आणि त्यांचे पती मल्हारी बिडकीनमध्ये दोन खोल्यांत राहतात. दोघेही औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत, ते पाळीवर आणि ताई पॅकिंगला. मेंढरे सासूबाई सारजाबाई आणि दीर गोकुळ यांच्याकडे असतात.

‘विचारपूस’शी संबंध आला तो सासूबाईंमुळे. फोनपुढे बोलले की अक्षरे उमटतात हे कळताच सारजाबाईंनी आपल्या बोलीत विचारले होते, की एक मेंढरू जागच्या जागी गरगर फिरतंय, खात नाय, काय करावं. त्या वेळच्या नियंत्रकांनी प्रश्न ‘अस्पष्ट’ ठरवून बंद केला. ताईंनी तोच प्रश्न पुस्तकी मराठीत पुन्हा घातला आणि तासाभरात उत्तर आले. हा ‘तासाभर’ ताईंचा; नोंदीप्रमाणे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पण बंद झालेला प्रश्न आणि नवा प्रश्न दोन्ही मी पाहिले आहेत, आणि त्यांत विचारणे एकच आहे, फक्त भाषा बदललेली.

तेव्हापासून वेरूळपासून फर्दापूरपर्यंतच्या नात्यागोत्यातल्या मेंढपाळांचे बंद पडलेले प्रश्न ताईंकडे येऊ लागले. कामावरून आल्यावर त्या एकेक प्रश्न नव्याने लिहीत. तरीही जे त्यांच्यापर्यंत पोचत नसत ते बंदच राहत, कारण बंद प्रश्न उघडण्याचा अधिकार फक्त नियंत्रकाला असतो. तो अधिकार त्यांना हवा होता. ऋतुराज माणूस म्हणून वाईट नव्हते; त्यांची उत्तरे अभ्यासू असत. पण प्रश्न प्रमाण भाषेतच यावेत, असे त्यांच्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलेले होते.

त्या रविवारी कळप पैठण रस्त्याच्या आत, कापूस निघून गेलेल्या एका रानात बसला होता. ताई मला घेऊन तिथेच गेल्या. माझा संशय ऐकून त्या चिडल्या नाहीत, उलट त्यांनी तो उचलूनच धरला. त्यांनाही वाटत होते की पलीकडचे काहीतरी करताहेत, कारण इकडच्या माणसांनी मते दिली की तिकडचा आकडाही उडी मारत होता.

“कुणी कशी दिली, ते बघू तरी,” असे म्हणून त्यांनी सासूबाईंचा फोन मागून घेतला. पडद्यावर रत्नमालाताईंच्या नावापुढचा वरचा बाण रंगलेला होता. ऋतुराजांच्या नावापुढचाही वरचाच बाण रंगलेला होता.

ताईंनी फोन सासूबाईंपुढे धरला. मग त्यांनी हळू आवाजात विचारले, त्यालाबी दिलं का म्हणून.

सारजाबाईंना प्रश्नच कळेना. “उत्तरं द्यायला माणूस आपल्या दारी येतंय का नाय? मंग त्याला पाणी नगं का? एकाला तांब्या आन् दुसऱ्याकडं पाठ, असं आपल्यात चालत नाय.”

“आत्याबाई, ही पंगत नाय, निवडणूक हाये.”

“मंग निवडणुकीत काय माणसं तान्हेली ठिवत्यात व्हय?”

गोकुळचा फोन पाहिला, तिथेही तेच. ताईंनी फर्दापूरकडे असलेल्या चुलत सासऱ्यांना, कडुबांना, फोन लावला. त्यांच्या सगळ्या वाड्याने, म्हणजे तळावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी, दोघांनाही वरचा बाण दिला होता, आणि पाव्हण्याने आपलं काय वाकडं केलंय, असे त्यांनीच ताईंना विचारले. माझी बनावट खाती त्या रानात एकामागून एक माणसे होऊन उभी राहत होती. दोन रेषांचे कोडे सुटल्याच्या आनंदात मी टिपण काढायला घेतले. ताईंना तेवढी सवड नव्हती. साडेतीन वाजले होते आणि त्या पाच गुणांनी मागे होत्या.

मग त्या बांधावर चढल्या, कारण रेंज तिथेच मिळे, आणि फोनवर फोन लावू लागल्या. ऋतुराजांना खाली ओढा, असे त्यांनी एकालाही सांगितले नाही. फक्त त्यांच्या नावापुढचा बाण पुन्हा दाबला की तो रिकामा होतो, तेवढे करा, असे त्या समजावत होत्या. ऐकणारे थोडेच निघाले. कुणी म्हणाले, दिलेले मागे घेतले तर भांडण झाले असे दिसेल. कुणाचे बोट चुकले आणि ताईंचाच बाण गेला. तो परत आणेपर्यंत गोकुळने खाली उभे राहून हसून घेतले. तरी आकडा सरकू लागला. चारने मागे, तीनने मागे. मध्येच ऋतुराजांना एक नवा बाण मिळाला, की पुन्हा चार. मेंढरे सोडून सगळे बिऱ्हाड बांधाखाली जमले होते आणि मी प्रत्येक बदलाची प्रत काढत होते.

चारला तीन मिनिटे उरली तेव्हा गुण समसमान झाले.

गोकुळने हात वर केले. त्याला वाटले, जमले. पण नियमावलीतले समसमान गुणांचे कलम मला ठाऊक होते आणि ते सांगणे भाग होते: अशा वेळी ज्याचे खाते जुने तो निवडून येतो. ऋतुराजांचे खाते जुने होते.

ताईंनी सासूबाईंकडे पाहिले. सारजाबाईंनी फोन पदराखाली घेतला. “पाजलेलं पाणी माघारी घेत नसत्यात. म्या नाय घेनार.”

सुनेने आग्रह केला नाही. त्यांनी स्वतःचा फोन वर धरला तेव्हा मला त्यांच्या मागून पडदा दिसला. ऋतुराजांच्या नावापुढचा वरचा बाण तिथेही रंगलेला होता. म्हणजे पहिल्या दिवशी त्यांनीही आपल्या प्रतिस्पर्ध्याला पाणी दिले होते, आणि दुपारभर दुसऱ्यांना ते काढायला सांगताना स्वतःचे तसेच ठेवले होते.

“पाणी दिलं म्हंजी घर त्याच्या नावावर केलं असं नाय होत, आत्याबाई,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी बाण दाबला. तो रिकामा झाला.

चारनंतर पान पुन्हा उघडले तेव्हा त्या एका गुणाने पुढे होत्या. तो गुण त्यांच्याच माघारीचा होता, असे मी खात्रीने लिहू शकत नाही. शेवटच्या मिनिटांत इतरांनीही मते बदलली असतील आणि उपलब्ध नोंद फक्त बेरजेची आहे. बांधाखाली मात्र कुणालाच शंका नव्हती. गोकुळ कुत्र्यांनाही विजय सांगत फिरत होता.

ताईंनी सगळ्यांना थांबवले आणि ऋतुराजांच्या नावाखाली, सर्वांना दिसेल असे, लिहिले: “भाऊ, तुम्हाला दिलेलं मत मी शेवटी काढून घेतलं. तुम्ही वाईट म्हणून नाही. मला निवडून यायचं होतं म्हणून.”

उत्तर लगेच आले. ऋतुराजांनी अभिनंदन केले होते आणि खाली लिहिले होते: “ताई, मी तर पहिल्याच दिवशी तुम्हाला खालचा बाण दिला होता. आता सांगायला लाज वाटते.”

हे वाचून दाखवताच सारजाबाईंचा चेहरा पालटला. “आन् म्या त्याला हप्ताभर पानी पाजीत बसले. बोलीव त्याला इकडं. कशी वढलीस आमची सून खाली, ते माझ्या तोंडावर सांग म्हनावं.” मग जरा थांबून त्यांनी विचारले, की येईल तेव्हा चहाला दूध बकरीचे चालेल का त्याला.

ताईंचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांच्या पडद्यावर एक नवे बटण आले होते: ‘प्रश्न पुन्हा उघडा’. बंद प्रश्नांची यादी खाली खाली सरकत होती आणि त्या बांधावरच बसून एकेक उघडत होत्या. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचत होत्या, जसा विचारला होता तसाच, त्याच बोलीत. कोकरे आयांकडे सोडायची वेळ झाली म्हणून गोकुळने दोनदा हाक मारली.

“थांबा भावजी,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “अजून लई हायेत.”