टेपाडावरची रेंज

मोबाइलचा सिग्नल मोजायचं काम मी हिंजवडीतल्या एका कंत्राटदाराकडे करत होतो. मुळशी धरणापलीकडच्या ज्या वस्त्यांत रेंज पोचत नाही त्या नोंदवायच्या. तिथं सरकारी निधीतून टॉवर बसणार होते. नियम एकच, वस्तीच्या मधोमध, घरांत उभं राहून मोजायचं.

अशाच एका वस्तीत गाडी थांबली तशी माणसं जमली. आलेल्याला आपल्याकडचं चांगलं तेच दाखवायचं, ही तिथली रीत. एका म्हातारीनं माझा हातच धरला.

"हितं काय मोजताय सायेब? वर टेपाडावर चला. तितं फुल्ल रेंज हाय!"

"आजे, चढवंल का सायबाला?" मागून एक जण हसला. "पोट बग की त्येंचं!"

मी इरेला पेटून चढलो. वर रेंजच्या सगळ्या काड्या भरल्या. खाली उतरून पुन्हा मोजायला हवं होतं. पण ऊन होतं, पिठलं-भाकरी वाढून तयार होती आणि अजून तीन वस्त्या राहिल्या होत्या. मी टेपाडावरचा आकडा टाकला आणि ठिकाणापुढे लिहिलं : वस्तीचा मध्य.

"आता बसंल न्हवं टॉवर?" म्हातारीनं वाढताना विचारलं.

"बसेल," मी म्हणालो. तोंडात तिचीच भाकरी होती.

कागदावर तिथं रेंज होती. टॉवर कसा बसणार?

दोन वर्षांनी त्याच रस्त्यानं जाताना टेपाडाच्या पायवाटेवर रांग दिसली. खाली अंगठ्याचं मशीन चालत नाही म्हणून रेशनवाला ते घेऊन वर बसला होता. अंगठा लागल्याशिवाय तांदूळ नाही. म्हातारी दोघींच्या खांद्यावर हात टाकून चढत होती. मला बघून थांबली.

"तुमी त्ये मोजणीचे सायेब न्हवं?"

"नाही. मी नव्हे."

"आसंल. त्यो बी आसाच जाडा हुता. लई भला मानूस. आमचंच कायतरी चुकलं आसंल, टॉवर न्हाई आला."

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. परवा मात्र सरकारी कचेरीत लिहून दिलं, मोजणी माझी होती, खोटी होती, पुन्हा करा. ग्रामसभेचा ठराव जोडा, म्हणाले. वस्तीतल्या एकाचा नंबर होता माझ्याकडे. सकाळपासून लावतोय, संपर्क क्षेत्राबाहेर.

म्हणजे जावंच लागणार. आणि या वेळी खाली, घरांत उभं राहूनच बोलावं लागणार.