पोवार सरांचं लॉक

"मॅडम, ट्रक गेटवर हुबा हाय. ड्रायव्हर शिव्या घालाय लागलाय. सर्टिफिकेट द्या की!"

फोनवर शिंदे होते, शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघणारे. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, माल पुण्याला निघायचा तर प्रत्येक लॉटबरोबर टेस्ट सर्टिफिकेट लागतं. धातूत कार्बन किती, सल्फर किती, फॉस्फरस किती, आणि ते मर्यादेत आहे की नाही. ते छापणारं सॉफ्टवेअर आमचं. पुण्याच्या कंपनीनं फॉस्फरसची मर्यादा खाली आणली होती आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये जुनीच होती. एक आकडा बदलायचा होता. एक!

तो मला बदलता येत नव्हता, कारण फाइल पोवार सरांच्या नावावर लॉक होती.

हे लॉक काय, ते सांगते. सगळ्यांचा कोड सर्व्हरवर एका सोर्स कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचा. फाइल बदलायची तर आधी चेक-आउट करायची. मग ती तुमच्या नावावर लॉक होते, दुसऱ्याला नुसती वाचता येते. काम झालं की चेक-इन. कोणी, कधी, काय बदललं ते हिस्टरीत राहतं. शेतात पाण्याची पाळी असते तसंच. आपली पाळी आली की दारं धरायची, पाणी आपल्या रानात वळवायचं, रान भिजलं की पाणी पुढच्याला सोडायचं. पोवार सर पाणी सोडतच नव्हते. ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. महत्त्वाच्या फाइली त्यांनी चेक-आउट केल्या त्या केल्याच. सगळ्यांनी आपल्या टेबलापाशी यावं, एवढाच त्यात हेतू.

हे सॉफ्टवेअर बसवलं होतं मी. त्याआधी शाहूपुरीतल्या आमच्या त्या माडीवरच्या ऑफिसात कोड फ्लॉपीवरून फिरायचा आणि 'नवीन', 'नवीन२', 'शेवटचं' असे फोल्डर पडलेले असायचे. शिकवणारं कोणी नव्हतं. हेल्पची पानं वाचत, दुपारचा डबा तसाच ठेवून शिकले. पेठ वडगावहून एसटीनं येणारी डिप्लोमावाली मुलगी मी. कोल्हापुरात तेव्हा सॉफ्टवेअरची ऑफिसं थोडी आणि सगळी एकमेकांच्या ओळखीतली. एकदा नाव खराब झालं की दुसरीकडं कोणी उभं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पोवार सर रजेवर होते. नेसरीकडं त्यांच्या गावची म्हाई होती, म्हणजे जत्रा. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांच्या घरी फोन लावला. भावानं उचलला.

"पावणं जेवाय बसल्यात. आता कसा सोडून येतोय त्यो?"

बऱ्याच वेळानं सर फोनवर आले. "फाइलला हात लावू नका. सोमवारी आल्यावर बघतो," म्हणाले आणि ठेवला फोन.

मी साहेबांना म्हटलं, "अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडं आहे, तो द्या. लॉक काढता येतं."

"काही बिघडणार नाही ना?"

"नाही. सरांची कॉपी त्यांच्या मशीनवर तशीच राहील."

"काढ मग. मी आहे."

मी लॉक काढलं. आकडा बदलला. जुनी रीडिंग घालून तपासलं, काय बदललं आणि का ते लिहून चेक-इन केलं आणि फ्लॉपी घेऊन रिक्षानं शिरोली गाठली. सर्टिफिकेट छापलं, ट्रक हलला. शिंद्यांनी चहा पाजला. "पोवारांपेक्षा तुम्ही बऱ्या की ओ!" त्या दिवशी एसटीत मी उभीच होते, पण काय सांगू, पाय जमिनीवर नव्हते.

सोमवारी पोवार सर आले. फाइल पुन्हा चेक-आउट केली. तेव्हा सॉफ्टवेअर विचारतं, सर्व्हरवर नवी कॉपी आहे, ती तुमच्या कॉपीवर घेऊ का? सरांनी 'नो' दाबलं. आपल्या जुन्या कॉपीतच काम केलं आणि ती चेक-इन केली. माझा बदल पुसला गेला. नवा प्रोग्रॅम ते स्वतः जाऊन फाउंड्रीत बसवून आले.

पुढच्या लॉटमध्ये फॉस्फरस जास्त होता. जुन्या मर्यादेनं सर्टिफिकेट 'ओके' छापलं गेलं. पुण्यानं अख्खा लॉट परत पाठवला.

शिंदे ऑफिसात आले ते ओरडतच. "माझी नोकरी घालवताय काय? कुणी केलं हे?"

"पोरीनं लॉक तोडलं," पोवार सर म्हणाले, "तवापास्नं इस्कोट झालाय सगळा."

मी मशीनसमोर बसले. हिस्टरी उघडली. माझं आणि सरांचं, दोन्ही व्हर्जन शेजारी शेजारी लावली. फॉस्फरसची ओळ, त्यापुढं नाव, तारीख. आंधळ्यालाही दिसावं इतकं स्वच्छ. साहेबांनी चष्मा लावून वाचलं.

मग शिंद्यांकडं वळून म्हणाले, "तिनं लॉक काढायला नको होतं."

"साहेब, तुम्हीच काढ म्हणालात!"

"मी 'विचार करून काढ' म्हटलं होतं."

अंगाची लाही लाही झाली. शिंदे गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. आवाज एकदम मऊ.

"मला दिसतंय की सगळं. पण पोवार गेला तर गिऱ्हाईकं घेऊन जाईल. तुझं काय, उद्या लग्न होऊन जाशील. आणि हे बघ, ते सॉफ्टवेअर काढून टाक. कोण, कधी, काय करत बसलं की ऑफिसात भांडणं लागतात."

"मी बसवलंय, मी काढणार नाही. पोवार सरांना सांगा."

"त्याला कुठं येतंय ते?"

"मग राहू दे."

नोकरी मी सोडली. साहेबांनी गावभर सांगितलं, मुलीनं लॉट घालवला म्हणून काढली. कोल्हापुरात दोन ठिकाणी मुलाखतीला गेले, दोन्हीकडं पहिला प्रश्न तोच. घर, आई, सगळं ठेवून पुण्याला जावं लागलं. जायची हौस नव्हती मला. तिथं विचारलं, सोर्स कंट्रोल येतं का? म्हटलं, येतं. चांगलंच येतं.

बऱ्याच वर्षांनी कसबा बावड्यात एका लग्नात साहेब भेटले. मी तोवर टीम सांभाळत होते. माझा हात धरून पाहुण्यांना म्हणाले, "ही आमच्याच हाताखाली तयार झाली बरं का!" शेजारी पोवार सर होते. "आमच्या पोराच्या नोकरीचं बघा की पुण्यात," म्हणाले. मी दोघांना नमस्कार केला आणि पंगतीला बसले. घास काही गोड लागला नाही.

माझ्या टीममध्ये नवीन येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी एक सांगते. लॉक काढलं की हिस्टरीत काढणाऱ्याचं नाव येतं. काढ म्हणणाऱ्याचं येत नाही. त्याचं 'काढ' तेवढं मेलवर मागून घ्या.