हस्ताच्या पावसातला शेपू

आमचं धाराशिवचं घर दोन खोल्यांचं, माळवदाचं. त्याच्या मागचं परडं मात्र घराहून मोठं होतं. वडील कोर्टात चपराशी होते. निजामाचं राज्य, त्यात लढाईची वर्षं. धान्य सरकारी लेव्हीत जाई आणि बाजारात मिळेल ते मुकाट घ्यावं लागे. तरी आमच्या ताटात ताजी भाजी असायची, ती आईच्या परड्यातली. कुडावर दोडका आणि घेवडा, उकिरड्याच्या कडेला भोपळा, न्हाणीच्या पाण्यावर अळू. आईला अक्षर येत नव्हतं. मी पुढं शिकले, आमच्या घरात पदवी घेणारी पहिली ठरले, ते त्या परड्यातलं खाऊनच. म्हणून तिथला एक भादवा-आश्विन लिहून ठेवावासा वाटतो.

त्या वर्षी माझी थोरली बहीण, अक्का, दिवाळीच्या सुमाराला बाळंत व्हायची होती. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं सासरी, सास्तूरला झालं होतं, भर चैत्रात. आड आटलेले, गावात हिरवं पान नाही. अक्काला दूध पुरेसं आलं नाही आणि मूल फार दिवस जगलं नाही. आई त्याबद्दल कुणाशी बोलली नव्हती. पण या खेपेला तिनं सास्तूरला निरोप धाडून लेकीला मागून घेतलं आणि मनाशी ठरवलं, की बाळंतिणीच्या ताटात पहिल्यापासून शेपूची भाजी पडली पाहिजे. शेपूनं दूध येतं, असं आमच्याकडच्या सगळ्याच बायका मानतात. बाजारात शेपू दिवाळीनंतर येई. म्हणजे तो घरीच लावायला हवा होता, आणि तोही लवकर.

अडचण पावसाची होती. आमच्या काळ्या मातीत पालेभाजी हस्त नक्षत्राचा पाऊस उलटल्यावर पेरतात. त्याआधी पेरली तर बी चिखलात दडपतं आणि कुजतं. पण हस्त संपायची वाट बघावी, तर दिवाळीला शेपू बोटभरच झालेला असणार. आई या विचारात असताना वडिलांनी देवळातून बातमी आणली. नक्षत्राचं वाहन पंचांगात सांगितलेलं असतं. बेडूक किंवा म्हैस निघाली तर पाऊस धो धो, मेंढा निघाला तर ओढ, असं लोक धरून चालायचे.

"हस्ताचं वाहन मेंढा हाय," वडील टोपी खुंटीला अडकवत म्हणाले. "पाऊस न्हाय यंदा. बिनघोर पेर."

आईनं वाफे केले आणि राखेत जपून ठेवलेलं सगळं बी पेरून टाकलं. आठवड्याभरात मातीवर दोऱ्यासारखी हिरवी लव दिसू लागली. आणि हस्त लागला त्याच दुपारी येडशीकडून आभाळ भरून आलं. पाऊस कोसळला तो थांबेचना. परड्यात घोटाभर पाणी साचलं. उघडीप झाल्यावर आईनं वाफ्यात हात घातला, तर बोटांना नुसता गाळ लागला.

शेजारच्या चाची, त्या बांगड्या विकायच्या, कुडावरून डोकावल्या. "भाबी, तुमचा मेंढा पव्हाया लागला की."

वडील ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आई हात धुऊन घरात गेली आणि एक पुरचुंडी घेऊन आली. तीत बाळंतशोप होती. बाळंतीण जेवल्यावर ती भाजून चघळते. अक्कासाठी आणलेली ती अजून भाजायची होती. आणि बाळंतशोप म्हणजे शेपूचंच बी. आई काय करणार ते वडिलांच्या लगेच ध्यानात आलं.

"तीबी कुजली तर लेकीला चघळायला काय देशील?" त्यांनी विचारलं.

"कुजू देत न्हाय," आई म्हणाली.

या वेळी तिनं जमिनीवर भरवसा ठेवला नाही. फुटकी मडकी, तळाला तडा गेलेला एक रांजण, चाचींनी दिलेली बांगड्यांची जुनी पाटी, जे हाताला लागलं त्यात शेणखत आणि वाळू मिसळलेली माती भरली आणि बाळंतशोप पेरली. पाऊस आला की सगळं उचलून ओसरीवर, ऊन पडलं की परत परड्यात. ओसरीचं माळवदही एका कोपऱ्यात ठिबकायचं, तेवढा कोपरा सोडून मडकी मांडायची. मी शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी आभाळाकडं बघायची. ऊन असेल तर आई म्हणायची, "धर त्या अंगानं," आणि आम्ही दोघी रांजण उचलायचो. तो ओला असला की इतका जड व्हायचा, की उंबऱ्यावर टेकवून दम घ्यावा लागे. कधी तो बाहेर ठेवून हात झटकतो न झटकतो तोवर पुन्हा थेंब पडायचे. आई पावसाला शिव्या देत नसे. पदर खोचायची आणि वाकायची.

चाचींना हे बघणं म्हणजे करमणूक झाली होती. "नातू यायच्या आधीच त्याला उन्हं दाखवाया लागलात व्हय, भाबी?"

"तुम्ही तुमची शेरडं तेवढी बांधून ठेवा, चाची."

"माझी शेरडीबी गाभणी हाय. तिला न्हाय का लागत दूध?"

पण त्या दिवसापासून शेरडी त्यांच्या दारात आखूड दोरीनं बांधलेली असायची.

दसरा झाल्यावर अक्का आली. बैलगाडीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिनं ओसरीवरची मडकी बघितली. त्यांत शेपू चार बोटं वर आला होता, जावळासारखा मऊ. माझ्या तोंडून तिला सगळी हकिगत कळली. तिनं एका मडक्यातल्या शेंड्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आई, एवढं नको करू. मागच्यासारखंच झालं तर?"

आईनं एक मडकं उचलून तिच्यापुढं ठेवलं. "रिकामी बसू नको. ह्यातलं तण काढ. शेपू उपटशील बघ, पानं नीट बघून काढ."

अक्का भिंतीला टेकून बसली आणि एकेक बारीक काडी निवडून काढू लागली. नंतर ते तिचंच काम झालं. सकाळी उठल्याबरोबर ती आधी मडक्यांत बोट घालून ओल बघायची. मडकी कुठं ठेवायची यावरून ती आईशी वाद घालू लागली, तेव्हा आईला बरं वाटलेलं मला दिसलं.

दिवाळीच्या तोंडावर अक्काला मुलगी झाली. पहिले दोन दिवस दूध नव्हतंच म्हणावं इतकं. पोर रडायची आणि अक्का भिंतीकडं तोंड करून पडायची. आईनं पहिल्याच दिवशी रांजणातला आणि पाटीतला शेपू कापला, मुगाची डाळ आणि लसूण घालून शिजवला. शिजल्यावर तो एवढासा झाला. सगळाच अक्काच्या ताटात वाढला. दुसऱ्या दिवशी मडक्यांतला, तिसऱ्या दिवशीही तोच. त्या दिवशी पोर अंगावर पिऊन जी झोपली, ती उन्हं उतरेपर्यंत उठली नाही. हे शेपूमुळं झालं का त्याचं त्याचंच, हे मला आजही सांगता येणार नाही. आईनं तसा दावा कधी केला नाही.

संध्याकाळी आतून अक्कानं हाक मारली. इतक्या दिवसांत तिनं आपण होऊन काही मागितलं नव्हतं.

"आई, आणखी भाजी हाय का गं?"

परड्यात शेवटचं एकच मडकं उरलं होतं, आणि तेही अर्धं कापलेलं.

"हाय की," आई म्हणाली. "लई हाय. तू पोटभर जेव." आणि विळा घेऊन ती परड्यात गेली.