आकडा वाढवायचा राहिला

कचेरीत त्याला सगळे आकडेबाबा म्हणत, तेही तोंडावर. राग धरायचंसुद्धा त्याच्या जिवावर येई, इतका तो थकलेला असे. पन्नाशी उलटलेली, बायको नाही, मूल नाही. जीव लावायला माणूस एकच, परगावी एकटी राहणारी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. दर रविवारी तो फोन करून विचारी, "आक्का, नवीन काही?" ती म्हणे, "काही नाही रे, सगळं जुनंच." की हा निश्चिंत. येतो येतो म्हणत तिच्याकडे जाणं मात्र राहून जाई. कामाचा रगाडा म्हणे. आता अशा माणसाला काय बोलावं!

काम होतं एका मोठ्या दवाखान्याच्या संगणकांचं. प्रत्येक खाटेशेजारी एक स्क्रीन. पेशंटची माहिती सर्व्हरवरून तिथे यायची ती नुसती आकड्यांची रांग म्हणून. त्यातलं पहिलं काय, दुसरं काय, हे सांगणारा साचा वेगळा. तो दर वेळी मागत बसलं तर सर्व्हरचा जीव जाईल, म्हणून प्रत्येक स्क्रीन साच्याची नक्कल स्वतःपाशी ठेवी आणि सर्व्हरला एवढंच विचारी, की साच्याचा आकडा तोच आहे ना? तोच असला की जुनी नक्कल खरी धरायची. म्हणून उठता बसता याचं एकच पालुपद, "साच्याला बोट जरी लावलंत तरी आकडा वाढवा." नव्या पोरांचे कान किटले होते.

आणि माती कुणी खावी? यानंच. कसल्याशा अहवालाच्या सोयीसाठी त्याने सर्व्हरवरच्या साच्यात वय आणि वजन यांच्या जागांची अदलाबदल केली. आकडा वाढवला असता तर नवा साचा येईपर्यंत सगळ्या स्क्रीन काळ्या पडल्या असत्या आणि मुख्य परिचारिकेचा फोन आला असता. त्या बाईंची बोलणी खाऊन तो विटला होता. "इतकंसं तर आहे," असं मनाशी म्हणून त्याने आकडा होता तसाच ठेवला. रांग नव्या क्रमाने येऊ लागली, स्क्रीन मात्र ती जुन्याच नकलेप्रमाणे वाचत राहिल्या. थकलेल्या माणसाला असलं शहाणपण फार सुचतं.

दुपारी फोन आलाच.

"अहो, समोर चार वर्षांची पोर आहे, आणि स्क्रीन म्हणते वय सोळा, वजन चार किलो! औषध वजनावर मोजतो आम्ही. डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

बाईंनी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. मोठ्यांच्या खाटांवर तर असला घोळ कुणाच्या ध्यानातही आला नसता. त्याने तडक आकडा वाढवला. स्क्रीन काळ्या पडल्या, ताळ्यावर आल्या. त्याच्या हाताखाली शिकून साहेब झालेली मुलगी खुर्ची ओढून समोर बसली.

"तुम्ही? आकडा तुम्ही वाढवला नाहीत?"

"लहानसाच बदल होता."

"हे मी म्हटलं असतं तर सोलून काढलं असतंत मला." मग तिचाच आवाज उतरला. "काही दिवस घरी बसा. झोपा जरा."

झोप कसली येतेय! दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये बसला आणि न कळवता आक्काच्या दारात जाऊन उभा राहिला. आक्काने चौकट धरून दार उघडलं आणि त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत विचारलं, "कोण?"

तो नुसता खाकरला.

"अगंबाई, तू होय!" तिचा हात हवेत चाचपडला आणि त्याच्या गालाला लागला.

आत पलंगापासून न्हाणीपर्यंत दोरी बांधलेली होती. डब्यांना रबरं गुंडाळलेली, साखरेच्या एक, मिठाच्या दोन.

"केव्हापासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. आधी एक डोळा, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर एक वाचला असता. पण एकटीनं जायचं कसं?"

"आक्का, मी दर रविवारी विचारत होतो!"

"विचारायचास रे. पण आधी लहानसंच होतं. तुला सांगायचं म्हणजे रजा, धावपळ, साहेबाची बोलणी. म्हटलं, कशाला उगाच. आणि मग सांगायला तोंड राहिलं नाही."

तिच्यावर ओरडावंसं त्याला फार वाटलं. पण कुठल्या तोंडाने ओरडणार? तो तिथेच पलंगावर बसला आणि रडला. तिनं त्याची पाठ थोपटली, लहानपणी थोपटायची तशीच. मग त्याने चहा केला, कप तिच्या हातात नीट धरवला.

"तुझं काय? नवीन काही?" तिनं सवयीनं विचारलं.

"माझं राहू दे. मला तुझं काहीच माहीत नाही असं धर आणि पहिल्यापासून सांग."

"सगळं?"

"सगळं."

आक्काने चाचपडत कप खाली ठेवला. "मग दिवा लाव आधी. अंधार पडला असेल."

"नाही, आक्का," तो म्हणाला, "अजून लख्ख ऊन आहे."