मी त्याचा डावा हात वर धरला

माझ्या बायकोचा हात वाईट होता, असं आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत बोललं जातं. तिनं एका पैलवानाचा खांदा नीट बसवला नाही आणि कच्च्या खांद्यावर त्याला कुस्ती खेळायला सांगितलं, म्हणून पोरगा जन्माचा अधू झाला, असं लोक म्हणतात. हे खोटं आहे. तिला माती देताना मागं दोघीजणी हेच कुजबुजत होत्या. मी ऐकलं आणि खाली बघत उभा राहिलो. आता ती नाही, मी आहे, तर जे झालं ते मीच सांगायला पाहिजे.

ती हाड बसवायची. विद्या तिच्या बापाची. तो बैलांची बसवायचा, ही माणसांची बसवायला लागली. पाटोद्याच्या बाजाराला आलेली माणसं वाकडी वाट करून आमच्या अंगणात यायची. कुणाचं मनगट, कुणाचा घोटा. ती हात धरायची आणि भलतंच बोलणं काढायची. "म्हैस व्याली का वो तुमची? काय झालं, रेडा का पारडी?" माणूस म्हणायचा, "पार..." आणि तेवढ्यात कट्‌ असा आवाज व्हायचा. माणूस शिवी हासडायचा, मग बोटं हलवून बघायचा, मग हसायचा. "डी," म्हणायची ती, "पारडी झाली म्हणा की पुरं." पैसे घेत नव्हती. कुणी नारळ ठेवायचं, कुणी पायलीभर ज्वारी.

मी चौथी शिकलेला. जवानीत कुस्ती खेळलो, पण नाव निघावं असा पैलवान काही नव्हतो. नजर मात्र होती. म्हणून गावच्या जत्रेत जोडी लावायचं काम माझ्याकडं आलं आणि वीस-बावीस वर्षं राहिलं. आमच्याकडं फडात कुणी कुणाशी खेळायचं ते जोड लावणारा ठरवतो. दोघांच्या मनगटाला हात घालायचा, मान बघायची, दंड बघायचा, वजन अंदाजानंच कळतं. जोड बसली की दोघांचा उजवा हात धरून वर करायचा आणि हलगीच्या मागं फडाला एक फेरी मारायची, म्हणजे चारी बाजूंच्या लोकांना जोड दिसते. कुणाला वाटलं जोड विजोड आहे, तर तो तिथंच ओरडतो. जोड लावणाऱ्यानं नाही म्हटलं तर आमदार आला तरी कुस्ती होत नाही. एवढा मान त्या कामाला होता.

सट्टा गावात आला तो सलूनमधून. सलूनवाला चाळिशीचा, हाताला हलका, जिभेला गोड. आधी क्रिकेट. फोनवर टीम लावायची. मग कुणीतरी त्याला सट्टा लावायचा आयडी दिला आणि त्यानं गावात आणखी पंधरा-वीस जणांना दिला. मग टीम राहिली बाजूला, दर बॉलवर लावायला लागले. मी एकदा दाढीला बसलो, अर्धी झाली आणि ह्यानं वस्तरा खाली ठेवला. "नाना, एवढी ओव्हर होऊ द्या." ओव्हर झाली, दुसरी झाली, माझ्या गालावरचा साबण वाळला. मी तसाच अर्ध्या दाढीनं घरी आलो. बायको हसून हसून खाली बसली. "आवं, उरलेली कोणाकडं गहाण ठिवली?"

मग टेनिस बॉलच्या गावोगावच्या मॅची फोनवर दिसायला लागल्या, त्यांच्यावर लावणं सुरू झालं. मग कबड्डी. आणि मग आमच्यासारख्या जत्रेच्या कुस्त्या. कुणीतरी फोन धरून फडाच्या कडेला उभं राहायचं, आणि कुठल्या तरी लांबच्या गावचा माणूस, ज्यानं आमचा फड जन्मात बघितला नाही, तो आमच्या पोरांवर लावायचा.

मी लावत नव्हतो. हे मी लई दिवस स्वतःला सांगत होतो. पण मी बोलत होतो. एक दिवस सलूनमध्ये दोन पैलवानांवर वाद चालला होता. मी सहज बोलून गेलो, "त्यो कसला जिंकतोय, त्याचा गुडघा सुजलाय. परवा आमच्याकडं आलता." सलूनवाल्यानं मला उठून खुर्ची दिली. पुढच्या आठवड्यात तो गुडघेवाला हरला आणि माझ्यापुढं चहा आला, भजी आली. त्या दिवसापासून मी सलूनमध्ये गेलो की लोक सरकून जागा करायचे. "नाना, काय खबर?" अख्ख्या आयुष्यात माझं बोलणं कुणी एवढं कान देऊन ऐकलं नव्हतं. पैशाची हाव म्हणाल तर ती नंतर आली. आधी आली ती ही खुर्ची.

बायकोच्या अंगणात जे कळायचं ते मी तिथं नेऊन ओतायचो. पैलवान तिच्यापुढं शर्ट काढून बसायचा, दुखतंय तिथं बोट ठेवायचा. पैलवान आपलं दुखणं कुणाला सांगत नाही. तिला सांगायचा, कारण ती कुणाला सांगत नव्हती. मी ओसरीवर बिडी ओढत बसलेलो असायचो.

आष्टीच्या रस्त्याला एक वस्ती आहे, तिथला एक पैलवान होता. बाप नाही, आई ऊसतोडीला जायची. पोरगं ताकदीचं आणि साधं. भरतीची तयारी करत होता. जत्रेच्या महिनाभर आधी तालमीत त्याचा उजवा खांदा उतरला. बायकोनं बसवला, आंबेहळदीचा लेप लावला, हात गळ्यात बांधला आणि सांगितलं, दीड महिना लंगोट लावायचा नाही. तो ऐकून गेला. मी ते ऐकून सलूनमध्ये गेलो.

जत्रेच्या सकाळी तो आला. आमच्या जत्रेची शेवटची मोठी कुस्ती कमिटी आधीच ठरवते, ती त्याचीच ठरली होती, पलीकडच्या तालुक्यातल्या एकाशी. बायकोनं खांद्याखाली बोटं घालून बघितलं.

"कसा हाय काकू?"

"बरा हाय. पण कच्चा वाटतोय. दुपारी परत एकदा शेकून बघ. मी ह्यांना सांगून ठिवते, ते फडात सांगतील तसं कर."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "त्याला सोडू नका आज. अजून कच्चाच हाय. मी त्वांडावर न्हाई म्हणलं न्हाई, त्याचं मन मोडंल आन्‌ जिद्दीनं उतरंल. तुमी जोड लावू नका, मंजी त्याची पण इज्जत राहती."

मी "हां" म्हणालो.

फडाकडं जाताना सलूनवाला मोटारसायकल घेऊन आला. "नाना, शेवटची जोड लागतीय ना?"

"बघू."

"बघू काय? खांद्याची खबर तुमीच दिली. सगळ्यांनी समोरच्यावर लावलंय. जोड लागली न्हाई तर सगळं बोंबललं. आन्‌ तुमच्या नावानं पण लावलंय मी. आता मागं सरू नका, नाना."

मला तेव्हाच त्याच्या कानाखाली वाजवायला पाहिजे होती. मी विचारलं, "किती लावलंय?"

बाकी सगळं विसरेन, पण मी विचारलेला हा एक प्रश्न विसरत नाही.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, शेवटच्या कुस्तीचा पुकारा झाला. पोरगा लंगोट लावून माझ्यापुढं आला. हलगी वाजत होती, त्यानं माझ्या कानाला तोंड लावलं.

"नाना, काकू काय म्हणल्या?"

मी म्हणालो, "खांदा बसलाय म्हणली. खेळ."

तो हसला. माझ्या पाया पडला. मी समोरच्याचा उजवा हात धरला आणि ह्याचा डावा. रीत उजव्याची, पण उजवा वर केला असता तर तो कानाच्या वर गेला नसता, आणि फडाला बसलेली म्हातारी माणसं ओरडली असती. मी त्याचा डावा हात वर धरून अख्खी फेरी मारली. एकानंही ओळखलं नाही. एवढी वर्षं त्याच फडात माझा हात बघत आलेल्या लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, दुसरं काय.

समोरच्याला माहीत होतं. कुणी तरी त्याच्याही कानात सांगितलेलं होतं. सलामी झाली आणि त्यानं दुसरीकडं कुठं हातच घातला नाही, सरळ उजवा दंड धरला आणि पिळला. पोरगा ओरडला तो आवाज हलगीच्या वर गेला. लोकांना वाटलं डाव बसला. टाळ्या वाजल्या.

नगरच्या दवाखान्यात नेलं. हाड, शिरा, काय काय फाटलेलं निघालं. हात राहिला, पण खांद्याच्या वर जात नाही. भरती गेली. आता तो शेळ्या राखतो, आणि पोरगं कमवायला लागलं की कोयता खाली ठेवणार म्हणणारी त्याची आई अजून टोळीबरोबर जाते.

ती आई चौथ्या दिवशी आमच्या अंगणात आली. चप्पल हातात घेऊनच आली.

"का गं ये! तूच म्हणलीस ना खांदा बसलाय म्हणून? तूच म्हणलीस ना खेळ म्हणून? कावून म्हणलीस? माझ्या लेकराचं तुला काय खुपलं?"

बायको ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. तिनं आधी त्या बाईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी ओसरीवर होतो. मी खांबाकडं बघत होतो. तिला कळायला तेवढं बस झालं.

ती त्या बाईला म्हणाली, "हां. मीच म्हणलं. माझं चुकलं."

बाईनं चप्पल अंगणात फेकली. रडत गेली, एका पायात चप्पल घालून.

मला वाटलं आता बायको मला फाडून खाईल. तिनं एकच विचारलं, "तुमी त्याला माझं नाव सांगितलं?" मी मान हलवली. "माझं नाव," ती म्हणाली आणि परत सूप उचललं. त्यानंतर तिनं हाड बसवलं नाही. कुणी आलं की म्हणायची, "हातात बळ न्हाई राहिलं." लोक आपापसात म्हणायचे, बरं झालं, स्वतःच सोडलं. हळूहळू कुणी येईना झालं. रोज सकाळी अंगण झाडायची. कुणी यायचं नसायचं तरी सडा घालायची, आणि मी ते बघत चहा प्यायचो. अशी दोन वर्षं.

मी सलूनमध्ये जायचं सोडलं म्हणून काही साधू झालो नाही. तिकडं काय राहिलंच नव्हतं. सलूनवाल्यानं दोन्ही खुर्च्या विकल्या, मग आरसा, मग एका सकाळी बायकापोरांना घेऊन पुण्याकडं गेला. पण त्याच्या जागी दुसरे दोघं आयडी वाटायला लागले. आता त्याला दुकान पण लागत नाही.

यंदा थंडीत बायकोला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. शेवटच्या दिवशी मी तिला म्हणालो, "मी सांगतो त्यांना." तिनं ऐकलं का नाही, माहीत नाही. ती हो पण म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही.

टोळी परत आल्याचं कळलं तसा मी वस्तीवर गेलो. मायलेकरं दोघंही होती. उभ्यानंच सांगितलं. पोरानं हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "मी विचारलं होतं तुमाला. फडात. विचारलं होतं का न्हाई?"

"विचारलं होतंस."

"काकू रस्त्यात दिसल्या की मी थुकायचो, नाना. दोन साल."

त्यानं डाव्या हातानं माझी गचांडी धरली, आणि सोडली. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याची आई चुलीपुढनं उठली नाही. तिथूनच बोलली, "आमा दोघांनाच सांगू नका. पारावर सांगा."

मी पारावर सांगितलं. जत्रेची बैठक होती, पंचवीस-तीस माणसं. मी उभा राहून सगळं बोललो, डाव्या हातापर्यंत. बऱ्याच जणांनी त्या दिवशी लावलं होतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. माझ्या वयाचा एक जण म्हणाला, "बस बे खाली. बायको गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर न्हाई." दुसरा म्हणाला, "नाना, मेलेल्या माणसासाठी कशाला स्वतःची इज्जत काढून घेता?" मग वर्गणीचं बोलणं सुरू झालं. जोडी लावायला दुसरा माणूस ठरला, तेवढं झालं. पण तो पण फोन बघत बसला होता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पोराची आई आमच्या वावरात आली. मी बांधावर होतो.

"कुठं पुरलंय तिला?"

आमच्यात पुरतात. लिंबाच्या कडेला समाधी आहे, अजून नुसता मातीचा ढीग आणि वर चार दगड. मी पुढं होऊन दाखवायला लागलो.

"तुमी नका येऊ. बोटानं दावा."

मी बोटानं दाखवलं. ती गेली, पदर सावरून खाली बसली आणि ढिगावर हात ठेवला. मग बोलायला लागली. भांडल्यासारखी बोलत होती, मधेच थांबत होती, परत बोलत होती. मी ज्वारीच्या धसकटात लांब उभा होतो. वारा तिच्याकडनं माझ्याकडं होता, तरी शब्द काही कळत नव्हते, आणि जवळ जायची माझी हिंमत नव्हती. ऊन डोक्यावर आलं तरी तिचं संपलं नव्हतं.