आधी ढकलून बघ

"गाडी हलवत जा रे, टायर बसत्यात." माझी थोरली बहीण सुवर्णाक्का दवाखान्यात मला शेवटचं बोलली ते एवढंच. देवाचं नाव नाही, पोरीची काळजी नाही... गाडी! दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा, गौरीचा, फोन आला. आक्का गेली होती.

राजारामपुरीत आमचं स्पेअर पार्ट्सचं दुकान. वडिलांमागं काउंटरवर आक्काच बसायची. नव्वदीच्या अखेरीस तिच्या डोक्यात ड्रॅग रेस शिरली. सरळ रस्ता, दोन गाड्या, बघता बघता निकाल. आयुष्यात एकदा तरी त्या सुटायच्या रेषेवर आपली गाडी उभी करायची, हा तिचा हट्ट. नवी परवडणारी नव्हती, म्हणून आम्ही जुन्या गाड्या धुंडाळत फिरलो. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखानदाराची लांबलचक गाडी मला भलतीच आवडली. मोठं इंजिन, काय तो रुबाब! आक्का म्हणाली, "न्यूट्रलला टाक आणि आधी ढकलून बघ." मी घामाघूम, गाडी ढिम्म. "जी एकट्यानं हलत न्हाय, ती रेषेवरनं कशी सुटंल? चल." मला तिचा असा राग आला होता!

शेवटी चंदगडला एका डॉक्टरांच्या दारात आठशे सीसीची छोटी गाडी सापडली. तिथल्या पावसानं तळाचा पत्रा पार खाल्लेला. आक्कानं पदर खोचला, मागून हात लावला, आणि गाडी अंगणभर पळाली.

"अगं, पत्रा गेलाय!" मी ओरडलो.

"नवा मारू की. इंजिन तर न्हाय न्हवं गेलं?"

मग मागची सीट, गालिचा, टेप... वजन उतरवायला निघेल ते सगळं तिनं काढून टाकलं.

रेसच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानं मला विचारलं, "पावणं, ड्रायव्हर कुठं हाय?"

"मी चालवतो की!" आक्का गरजली. आमच्याकडच्या बायका 'जातो, करतो'च म्हणतात, पण त्या दिवशी अख्खी रांग वळून बघायला लागली. पहिल्या फेरीत तिनं माझ्या आवडीची तसलीच एक लांबलचक गाडी मागं टाकली, दुसरीत हरली. हरूनही घरापर्यंत हॉर्न वाजवत आली... इतकी सुखी मी तिला फार क्वचित पाहिली.

परवा गौरी आणि मी आक्काची तीच गाडी हलवायला गेलो. बॅटरी उतरलेली. मी मेकॅनिकला फोन लावणार, तोवर गौरीनं ओढणी कमरेला बांधली. "मामा, तू आत बस. मी ढकलतो."

गाडी सुटली. मी सेकंड गिअर टाकून क्लच सोडला, आणि दोन आचके देऊन इंजिन धडधडलं. धापा टाकत गौरी पुढं आली, माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरक मामा. आता मी चालवतो."